जिभेची साक्ष

पेनाएवढा एक कॅमेरा डॉक्टरांनी माझ्या तोंडात फिरवला आणि समोरच्या पडद्यावर माझी दाढ उमटली. कलिंगडाएवढी. मधोमध काळी पडलेली चांदी, चांदीच्या कडेनं गेलेली बारीक भेग आणि भेगेशेजारी सकाळच्या पोह्यांतल्या कोथिंबिरीचा एक कण. "काकू, दिसतंय ना?" डॉक्टरांनी विचारलं. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. दिसत होतं. इतकं स्वच्छ दिसत होतं, की कुणीतरी न विचारता घरात शिरून माळ्यावरचा पसारा बघतंय असं वाटलं.

या दाढेची आणि माझी ओळख जुनी, पण ती सगळी जिभेच्या ओळखीची. चांदीचा गुळगुळीतपणा, मागच्या बाजूची बोचरी कड, पेरू खाल्ला की बी अडकायची ती नेमकी जागा, हे सगळं जिभेला पाठ. डोळ्यांनी मी ती दाढ कधीच पाहिली नव्हती. आरशात तोंड वासून पाहिलं तरी खालची डावी दाढ काही धड दिसत नाही. जिभेला तर सगळंच मोठं लागतं. बडीशेपेचा दाणा अडकला तर हरभरा अडकल्यासारखं वाटतं. पडद्यावर बघताना मला पहिल्यांदा कळलं, की मी जिला खड्डा समजत होते तो नुसता उतार आहे, आणि जिथं सगळं ठीकठाक आहे असं जीभ सांगत होती तिथं भेग आहे.

"ही चांदी कधीची?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकोणऐंशी सालची. मिरजेची."

त्यांनी मास्क खाली केला आणि पडद्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. एखाद्या जुन्या देवळाचं दगडी काम बघावं तसं.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉक्टर वान्लेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं आजार घेऊन मिरजेला यायची. पण दाताच्या डॉक्टरकडे कुणी आजार घेऊन जात नसे, कळ घेऊन जात असे. आणि तीही लवंग संपल्यावर, तुरटीच्या गुळण्या संपल्यावर, शेजारच्या काकूंनी सांगितलेलं सगळं करून झाल्यावर. मला वडिलांनी नेलं तेव्हा मी दोन रात्री झोपले नव्हते आणि आमच्या घरातही कुणी झोपलं नव्हतं.

आमच्या डॉक्टरांची खोली एका माडीवर होती. जिन्यातच लवंग तेलाचा वास यायचा. तो वास मला अजूनही कुठं आला, मसालेभाताच्या पातेल्यातून जरी आला, तरी पोटऱ्या ताठ होतात. खुर्चीशेजारी एक उंच खांब, त्याला कोपर वळवावं तसा वळणारा हात, आणि त्या हाताच्या कप्प्यांवरून खाली टोकापर्यंत गेलेली एक दोरी. मोटर फिरली की दोरी पळायची, दोरी पळाली की टोकाची सुई फिरायची. दोरीच्या गाठीचा प्रत्येक फेऱ्याला टक् असा आवाज यायचा. वीज गेली तर म्हणून कोपऱ्यात शिलाई मशीनसारखं पायानं चालवायचं यंत्रही उभं होतं. सुदैवानं त्या दिवशी वीज होती. सुदैवानं असं आज म्हणते. तेव्हा ती जावी म्हणून मी मनात गणपतीला अकरा मोदक बोलले होते.

डॉक्टर म्हणाले, "दुखलं की डावा हात वर करायचा." मी केला. ते म्हणाले, "झालंच," आणि यंत्र चालूच ठेवलं. मी पुन्हा हात वर केला. वडिलांनी तो हात हातात घेतला आणि खाली धरून ठेवला. आज वाटतं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त त्रास झाला असेल. भूल द्यायचं इंजेक्शन तेव्हा नव्हतं असं नाही. लिग्नोकेन हे औषध निल्स लॉफग्रेन यांनी स्वीडनमध्ये १९४३ सालीच तयार केलं होतं आणि मिरजेतल्या त्या माडीवरच्या कपाटातही त्याची बाटली होती. पण ते दात उपटायला. चांदी भरण्यासारख्या किरकोळ कामाला इंजेक्शन म्हणजे उधळपट्टी, असाच सगळ्यांचा समज. माझ्या वडिलांचाही. सुई पाहून मीही त्या बाजूनंच मत दिलं असतं.

ते यंत्र मिनिटाला काही हजार फेरे घ्यायचं. अमेरिकेत जॉन बोर्डन यांनी १९५७ साली हवेच्या झोतावर फिरणारं यंत्र बाजारात आणलं होतं, तीन लाख फेऱ्यांच्या घरातलं. त्याचं नाव एअरोटर. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो तसं आपल्याकडच्या दातांच्या डॉक्टरांनी ते नावच उचललं. आजही कोणत्याही कंपनीचं असो, ते एअरोटरच. वेग वाढल्यावर दाढ हादरायची थांबली. हळू फिरणारी सुई दाढेला खरवडायची आणि तो थरकाप हाडातून थेट कानाच्या मुळाशी जायचा. वेगवान सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते, फक्त आवाज शिट्टीसारखा करते. मिरजेत सतारी आणि तानपुरे घडवणारी घरं आहेत. आमच्या शाळेच्या वाटेवर जवारी काढत बसलेले कारागीर दिसायचे. एका सुरासाठी तासभर घासत बसणाऱ्यांच्या गावात माझ्या दाढेला इतका बेसूर अनुभव यावा, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी खलात पारा आणि चांदीची पूड घोटली, ते मऊ झाल्यावर कापडात पिळून जास्तीचा पारा काढला आणि तो लगदा दाढेत ठासला. जाताना मला शाबासकी म्हणून इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीत पाऱ्याचा एक थेंब मिळाला. वर्षभर मी तो घरंगळवत बसले होते. आज कुणी डॉक्टर लहान मुलीच्या हातात पारा देईल तर त्यांचा परवाना जाईल, आणि जायलाच हवा. पाऱ्यावर आंतरराष्ट्रीय मिनामाता करार झाला २०१३ साली, आणि युरोपीय संघानं तर २०२५च्या १ जानेवारीपासून दातात असली चांदी भरणं थोडे अपवाद सोडून बंदच केलं. पण ती मिरजेची चांदी टिकली. नंतर भरलेली पांढरी, दाताच्या रंगाची, निळ्या दिव्याखाली क्षणात घट्ट होणारी दोन फिलिंगं दहा-दहा वर्षांत निघाली. ही अजून तिथंच आहे.

पडद्यावरच्या त्या भेगेचं काय करायचं, असं मी विचारलं. मनात हिशेब चालू होता: चांदी काढणार, कॅप बसवणार, म्हणजे आठ-दहा हजार. डॉक्टर म्हणाल्या, "दुखत नाही, थंड-गरम लागत नाही. राहू दे. फोटो जपून ठेवते. सहा महिन्यांनी पुन्हा काढू, भेग वाढली का बघू."

मी खुर्चीत सैल झाले. कारण पंधराच दिवसांपूर्वी मी दुसरीकडे जाऊन आले होते.

ते क्लिनिक घराजवळच. काचेचा दरवाजा, कॉफीचं यंत्र, भिंतीवर हसणारी माणसं. हसणाऱ्यांत पन्नाशीपुढचं कुणी नव्हतं. तिथं माझ्या सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला, ज्याला ओपीजी म्हणतात, आणि तो एका संगणकाला दाखवला. संगणकानं दातांवर लाल-पिवळे चौकोन आखून दिले. सात चौकोन. "एआय सांगतंय," असं तिथल्या मुलीनं इतक्या आदरानं सांगितलं, की माझी आजी 'गुरुजींनी सांगितलंय' म्हणायची त्याची आठवण झाली. मग छापील अंदाजपत्रक आलं, एक लाख छत्तीस हजारांचं, आणि त्याखाली मासिक हप्ता. मी ज्यासाठी गेले होते ती दुखरी दाढ यादीत तिसरी होती.

मी ते कागद पर्समध्ये घालून आले आणि दोन दिवस जिभेनं ते सात दात चाचपत बसले. काही सापडेना. पण जिभेवरचा विश्वास उडाला होता. पूर्वी दुखलं म्हणून जायचो. आता न दुखताही जावं लागतं, कारण फोटोत दिसतं. आणि फोटोत दिसलेलं नाकारायला माणसाजवळ काहीच नसतं. माडीवरच्या डॉक्टरांशी वडील हुज्जत घालू शकायचे, "थांबू या का आठ दिवस, कमी होतंय बहुतेक," असं म्हणू शकायचे. लाल चौकोनाशी काय हुज्जत घालणार?

दुसऱ्या डॉक्टरांनी, म्हणजे ज्यांच्या खुर्चीत मी आता बसले होते त्यांनी, तोच ओपीजी पाहिला. मग संशय आलेल्या जागांचे छोटे फोटो वेगळे काढले, एका चिमुकल्या आकड्यानं दात कोरून पाहिले, हवा मारून पाहिली. सातातले दोन खरे निघाले. तीन ठिकाणी नुसते डाग. दोन ठिकाणी कीड नुकती लागलेली, वरच्या आवरणातच. तिथं फ्लोराइड लावून, नीट घासून लक्ष ठेवलं तर यंत्र लावायची गरज नाही. "संगणक खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या, "त्याला सावली दिसली की तो सावली म्हणतो. मीही वापरते, माझ्याकडून राहिलेलं तो दाखवतो. पण सावलीला कीड समजून त्याचं बिल करायचं की नाही, ते मी ठरवते."

मी त्या बाईंच्या प्रेमात पडले ते तिथंच.

आता त्या तिसऱ्या क्रमांकाच्या दाढेची गोष्ट. वरची उजवी. तिचं रूट कॅनल मी १९९६ साली पुण्यात करून घेतलं होतं, सहा खेपांत. प्रत्येक खेपेला ऑफिसातून अर्धा दिवस रजा. तेव्हाचं मुख्य काम म्हणजे वाट बघणं. टपाल तिकिटाएवढी फिल्म टाळूला टोचेल अशी आत ठेवायची, आपल्याच अंगठ्यानं दाबून धरायची, डॉक्टर पळत बाहेर जायचे, कट् असा आवाज यायचा. मग ते एका काळ्या पेटीत बाह्यांमधून दोन्ही हात घालून ती फिल्म धुवायचे. औषधाचा आंबूस वास खोलीभर. पाच-सात मिनिटांनी चिमट्याला लटकलेली ओली फिल्म उजेडाकडे धरून ते "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ मला कधीच कळला नाही.

अर्थात तक्रार करू नये. रॉन्टगेन यांनी १८९५च्या शेवटी आपला शोध जाहीर केला आणि दोनच आठवड्यांत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या ऑटो वाल्कहोफ या दंतवैद्यानं स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, त्यासाठी काचेची पट्टी तोंडात धरून पंचवीस मिनिटं न हलता पडून राहिला. पंचवीस मिनिटं! आता आरव्हीजी म्हणतात तो संवेदक दाताआड ठेवला, की मी श्वास सोडायच्या आत चित्र पडद्यावर येतं, आणि त्याला किरणंही फिल्मपेक्षा कमी लागतात. "हं" मात्र डॉक्टर अजून म्हणतात. पण आता मीही त्यांच्याबरोबर बघत असते, आणि विचारते, "हं म्हणजे?"

आरव्हीजीत ती दाढ ठीक दिसत होती. तीन मुळं, तिन्हींत भरलेलं पांढरं. तरी दुखत होती. इथं जीभ आणि पडदा यांचं जमेना. डॉक्टरांनी पडद्याची बाजू घेतली नाही. त्यांनी मला सीबीसीटीला, म्हणजे चहूबाजूंनी काढायच्या एक्स-रेला पाठवलं. हनुवटी टेकवून, दातात प्लॅस्टिकची खुंटी चावून उभं राहायचं, आणि यंत्र डोक्याभोवती प्रदक्षिणा घालतं. वीस सेकंदही लागत नाहीत. साध्या फोटोत सगळं एकावर एक पडतं, पुढचं मूळ मागच्याला झाकतं. इथं ब्रेडच्या स्लाइससारखे काप काढून एकेक बघता येतो. किरणं साध्या फोटोपेक्षा जास्त, म्हणून उगाच काढायचं नसतं. चौथ्या की पाचव्या कापावर डॉक्टरांनी बोट ठेवलं. एकाच मुळात दोन काळे ठिपके. एक भरलेला, दुसरा रिकामा.

वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन असतात, पण नळ्या निम्म्याहून अधिक वेळा चार असतात. चौथी इतकी बारीक, की ती शोधायची तर आधी ती असेल असं धरून चालावं लागतं. शहाण्णव साली माझ्या डॉक्टरांना ती दिसली नाही. दिसणार कशी? डोळ्यावर भिंग नाही, दिवा पिवळा, आणि फोटो सपाट. त्यांनी जे दिसलं ते मनापासून साफ केलं. ती चौथी नळी एकोणतीस वर्षं आत गप्प बसली होती, आणि मग बोलायला लागली.

पुन्हा रूट कॅनल. या वेळी दोन खेपा. आधी हिरडीवर केळ्याच्या वासाचं जेल, मग सुई. सुई कधी गेली ते कळलं नाही. मी डावा हात तयार ठेवला होता, पंचेचाळीस वर्षांची सवय. तो मांडीवरच राहिला. दाढेभोवती त्यांनी निळं रबर ताणून बसवलं, छत्रीच्या कापडासारखं, आणि दाढ तेवढी भोकातून वर आली. थुंकी आत जात नाही, औषध घशात उतरत नाही. मी विचारलं, हे नवीन आलंय का? त्या हसल्या. अमेरिकेत सॅनफोर्ड बार्नम यांनी १८६४ सालीच हे काढलं होतं. म्हणजे दादाभाई नौरोजींच्या तरुणपणी. दीडशे वर्षांत ते माझ्या तोंडापर्यंत पोचलं नाही, आणि कॉफीचं यंत्र मात्र पोचलं.

डॉक्टर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्या होत्या. मी छताकडे बघत होते. ओठाला एक छोटा आकडा अडकवलेला, त्याची वायर एका डबीला, आणि डबी मधूनच टूं टूं करायची. नळीची लांबी मोजायचं ते यंत्र. मुळाच्या टोकाला असलेल्या पेशींचा आणि तोंडाच्या आतल्या त्वचेचा विजेला होणारा विरोध साधारण ठरलेला असतो, हे जपानच्या सुनादा यांनी १९६२ साली दाखवून दिलं होतं. सुई टोकाशी पोचली की डबी सांगते. सहा खेपांत सहा फिल्मा ज्यासाठी धुतल्या, ते काम मोटार मागे घेताना वाजते तसल्या आवाजानं होतं. सुयाही बदलल्यात. जुन्या पोलादी सुया वाकड्या नळीत अडायच्या, तुटायच्या. या निकेल-टायटॅनियमच्या. वाकवल्या तर वाकतात आणि सोडल्या की सरळ होतात. हा धातू अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला, क्षेपणास्त्रांच्या कामात, आणि नंतर कुणाला तरी सुचलं की याच्या दातासाठी सुया करता येतील. चौथी नळी सापडली तेव्हा डॉक्टर काही बोलल्या नाहीत. फक्त त्यांचा पाय पेडलवरून निघाला आणि खोली शांत झाली.

हे मी आईला रंगवून सांगितलं. आई एकोणऐंशी वर्षांची. तिचा प्रश्न वेगळाच होता. तिची खालची कवळी नाचायची. वरची टाळूला चिकटून बसते, पण खालच्या जबड्यात हाडाचा बांध झिजून झिजून सपाट झाला, की कवळी कशावर बसणार? चिकटवायची पावडर लावून ती अर्धा तास टिकायची. आई जेवायला चार माणसांत बसेनाशी झाली होती. तिला मूठभर भाजलेले शेंगदाणे खायचे होते, एवढंच. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ती स्वतःवरच म्हणायची, आणि वर म्हणायची, "चणे तर तुझ्या बापानं भरपूर ठेवलेत."

डॉक्टरांनी खालच्या जबड्यात पुढं, सुळ्यांच्या जागी, दोन इम्प्लांट सुचवले. त्यांवर कवळी अडकून बसेल. सगळे दात नव्यानं रोवायचे नाहीत, फक्त दोन खुंट्या. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी हाच उपाय पहिला मानावा असं म्हटलं होतं. ओझं कमी, खर्चही त्या मानानं कमी. त्या मानानं म्हणजे एका खुंटीला पस्तीस हजार.

आईची साखर तपासली, तिच्या फिजिशियनची चिठ्ठी घेतली, सीबीसीटी काढला. पडद्यावर तिचा जबडा फिरायला लागला, पांढरा, पोकळ, आतल्या नसेची वाट लाल रंगानं दाखवलेली. डॉक्टर उत्साहानं तो गोल गोल फिरवत होत्या. आई म्हणाली, "बाई गं, माझी कवटी मला कशाला दाखवतेस? थोड्या दिवसांनी दिसणारच आहे."

डॉक्टरांनी पटकन पडदा बंद केला. त्यानंतर आईशी बोलताना त्यांनी काहीही दाखवलं नाही, कागदावर पेन्सिलनं दोन खुंट्या काढून दाखवल्या. मला वाटतं, तेवढं ओळखता येणं हीसुद्धा त्यांची विद्याच.

हे इम्प्लांटचं शास्त्र निघालं कुठून, ते मी आईला घरी सांगितलं. स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क नावाचे डॉक्टर १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते बघत होते. त्यासाठी टायटॅनियमची एक नळी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना. हाड तिला चिकटून वाढलं होतं. त्यातून पुढं १९६५ साली गोस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसले आणि ते त्याला मरेपर्यंत, चाळीस वर्षं, पुरले. आईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि त्या सशाचं काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही.

इम्प्लांट बसवायला पाऊण तास लागला. सीबीसीटीवरून छापून घेतलेला प्लॅस्टिकचा एक साचा हिरडीवर बसवला, त्याला दोन भोकं, त्या भोकांतूनच सुई जाणार, तिरकी जाऊच शकणार नाही. तीन महिने हाड चिकटायला द्यायचे. मग कवळीचं माप. इथं मला वाटलं होतं की पुन्हा कॅमेरा फिरेल, पण डॉक्टरांनी कपाटातून स्पिरिटचा दिवा काढला आणि लाखेसारखी एक हिरवी कांडी. कांडी दिव्यावर मऊ करून ट्रेच्या कडेला लावायची, आईच्या तोंडात ठेवायची आणि म्हणायचं, "आजी, ओठ पुढं काढा. ऊ म्हणा. आता जीभ बाहेर." गाल आणि ओठ हलताना कवळीला कुठं ढकलतात, ते स्कॅनरला कळत नाही, तो थांबलेल्या तोंडाचं चित्र काढतो. आईला ती कांडी ओळखीची वाटली. पहिली कवळी केली तेव्हाही हीच होती म्हणाली.

खुंट्यांवर कवळी बसते ती टक् आवाज करून. आईनं त्याला लगेच नाव दिलं, टिचबटण. आता ती जेवायला बसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं टिचबटण लावते. शेंगदाणे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "पूर्वीसारखे लागत नाहीत. पण ते शेंगदाण्यांचं आहे, कवळीचं नाही." रात्री कवळी काढून स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवते, तशीच.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी ही सगळी वर्दळ पाहिली. त्यांचीही दाढ दुखत होती. त्यांना कुणीतरी रूट कॅनल आणि कॅप मिळून नऊ हजार सांगितले होते. मी अर्धे देते म्हटलं. चार दिवसांनी आल्या त्या गालाला फडकं बांधून. "काढून टाकली ताई, तीनशेत. परत दुखायचं कामच नाही." त्यांचं चुकलं असं मला म्हणवेना. खालची दाढ गेली की वरची हळूहळू खाली उतरते, शेजारची कलते, हे सगळं मला आता माहीत झालं होतं, पण नऊ हजार कुणाचे होते? चिमटा हे आजही सगळ्यात जास्त माणसांपर्यंत पोचलेलं यंत्र आहे. त्याला वीज लागत नाही आणि हप्ताही.

माझ्या वरच्या दाढेला कॅप बसवायचा दिवस आला. तिचं माप स्कॅनरनं झालं होतं. पूर्वीचा तो गुलाबी लगदा, जो घशाकडे उतरायला लागला की जीव कासावीस व्हायचा, तो नाही. त्या लगद्यात समुद्री शेवाळाचा अर्क असतो. आधी त्या कामाला जपानमधून येणारं अगर वापरायचे. दुसऱ्या महायुद्धात ते मिळेना म्हणून हा शोध. चार पिढ्यांना उलटीच्या काठावर नेलेल्या त्या लगद्यामागं महायुद्ध होतं हे कळल्यावर मला त्याचा राग जरा कमी आला. स्कॅनर नुसता दाढेवरून फिरला, पडद्यावर दाढ तुकड्यातुकड्यानं उगवली, आणि ते चित्र लॅबमध्ये गेलं. तिथं झिरकोनियाच्या ठोकळ्यातून यंत्रानं कॅप कोरली. स्कॅन करून तिथल्या तिथं यंत्रानं दात कोरायची सुरुवात झुरिकमध्ये १९८५ सालीच झाली होती. तेव्हा मी दहावीत होते आणि पाऱ्याची कुपी कधीच हरवली होती.

कॅप बसली. रंग शेजारच्या दातांशी इतका जुळला, की डॉक्टरांनी पडद्यावर दाखवल्यावरही मला कुठली ती ओळखता येईना. कडा बघितल्या, फोटो काढला, आत हवा नाही, फट नाही. संगणकाच्या हिशेबानं काम संपलं होतं.

मग त्यांनी ट्रेमधून निळ्या कागदाची पट्टी काढली. कार्बन पेपरसारखी. चिमट्यात धरून ती दातांच्या मध्ये ठेवली. "चावा. टक टक टक. आता घासा, डावीकडे, उजवीकडे." कॅपवर निळे ठिपके उमटले. त्यातला एक ठिपका त्यांनी किंचित घासला.

"आता कसं वाटतंय?"

मी तोंड मिटलं. जिभेनं नवी दाढ मागून पुढून फिरून पाहिली. मग दात दातांवर टेकवले. उजव्या बाजूला, अगदी केसाएवढं, काहीतरी आधी लागत होतं.

"जरा उंच वाटतेय."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. नवीन निळी पट्टी घेतली.

"चावा."